५५३ सीसीचं इंजिन आणि ताकद फक्त ५ हॉर्सपॉवर? शंतनुराव किर्लोस्करांनी हिशेब विहिरीचा केला होता, गाडीचा नाही

कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा. नाशिक जिल्ह्यातल्या या पट्ट्याला कसमादे म्हणतात. कांदा आणि डाळिंब ही इथली मुख्य ओळख. पण देवळ्याच्या एखाद्या जुन्या मळ्यात गेलात तर आणखी एक गोष्ट दिसू शकते. विहिरीच्या काठावर किंवा पडवीच्या कोपऱ्यात, तेलाने काळवंडलेलं, एका बाजूला जड चाक असलेलं डिझेल इंजिन. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर ते त्याला नुसतं इंजिन म्हणत नाहीत. किर्लोस्करचं इंजिन म्हणतात.

याच इंजिनाचा एक भाऊ तुम्हाला इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्येही भेटला असेल. मेकॅनिकलच्या पोरांनी ज्याच्यावर रीडिंग घेतली, ते एक सिलिंडरचं इंजिन.

आता एक गंमत बघा. या घराण्यातलं गाजलेलं मॉडेल एव्ही-१. त्याची क्षमता ५५३ सीसी आणि ताकद ५ हॉर्सपॉवर. याउलट आपली जुनी मारुती ८००. तिचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ताकद ३५ हॉर्सपॉवरच्या वर. म्हणजे सीसी दीडपट पण नाही आणि ताकद सातपट.

मग किर्लोस्करांना इंजिन बनवता येत नव्हतं का?

तर तसं नाही. हे इंजिन गाडीसाठी नव्हतंच. ते होतं विहिरीसाठी. आणि विहिरीला काय लागतं हे ओळखून ते भारतात घराघरांत पोचवणारा माणूस होता शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

नांगर विकायला दोन वर्षं लागलेलं घर

शंतनुरावांचा जन्म २८ मे १९०३ चा, सोलापूरचा. वडील लक्ष्मणराव किर्लोस्कर. लक्ष्मणरावांनी मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला होता, पण रंग ओळखण्यात अडचण आहे हे लक्षात आल्यावर चित्रकला सोडली. मेकॅनिकल ड्रॉइंग मात्र उत्तम यायचं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये त्यांनी शिकवलं. मग बेळगावात सायकलचं दुकान काढलं आणि तिथून कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवायला लागले.

हा नांगर सुरुवातीला कुणी घेईना. लोखंडामुळे जमिनीत विष उतरेल असं शेतकऱ्यांना वाटायचं. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली.

पुढे बेळगावची जागा सोडायची वेळ आली तेव्हा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनजवळ जागा दिली आणि १० हजार रुपये बिनव्याजी कर्ज दिलं. निवडुंग आणि सापांनी भरलेला तो माळ. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज ती सांगली जिल्ह्यात आहे.

शंतनुरावांना तेव्हा सातवं वर्ष चालू होतं. म्हणजे फाउंड्रीची भट्टी, लोखंडाचा वास आणि यंत्र घेऊ की नको या विचारात पडलेला शेतकरी हे सगळं पाहतच हा पोरगा मोठा झाला. यंत्र चांगलं असून भागत नाही, ते वापरणाऱ्याच्या मनातली भीतीही काढावी लागते, हा धडा त्यांच्या घरात पुस्तकातून आलेला नव्हता.

अमेरिकेतून परत, थेट माळावर

१९२२ मध्ये शंतनुराव अमेरिकेला गेले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटीमधून १९२६ साली ते मेकॅनिकल इंजिनिअर झाले. त्या काळात एमआयटीची पदवी घेतलेला मराठी माणूस म्हणजे नोकरीला तोटा नव्हता. पण ते परत किर्लोस्करवाडीलाच आले. १९२७ मध्ये त्यांचं यमुताईंशी लग्न झालं.

कारखान्यात तेव्हा नांगराबरोबर उसाचे चरक, शेंगा फोडायची यंत्रं, हातपंप असा माल बनायचा. सेंट्रिफ्युगल पंपाचं कामही याच काळात सुरू झालं. थोड्याच वर्षांत जगभर मंदी आली. शेतमालाचे भाव पडले. शेतकऱ्याच्याच हातात पैसा नाही म्हटल्यावर शेतीची यंत्रं घेणार कोण? ज्या कारखान्याचं गिऱ्हाईक शेतकरी, त्याचं नशीब शेतकऱ्याच्या नशिबाशी बांधलेलं असतं, हे शंतनुरावांनी ऐन उमेदीच्या वर्षांत अनुभवलं.

दुसऱ्या महायुद्धात परदेशातून यंत्रं येणं अवघड झालं आणि लेथ मशीनला मागणी आली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर ही कंपनी सुरू झाली. १९४६ मध्ये बंगळुरूला किर्लोस्कर इलेक्ट्रिक निघाली, ती त्यांचे भाऊ रवि किर्लोस्कर यांनी सांभाळली. आणि त्याच १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला शंतनुरावांनी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स काढली.

लक्षात घ्या, हा काळ भारतात मोटारींच्या कारखान्यांचा होता. बिर्लांची हिंदुस्थान मोटर्स १९४२ ची. सोलापूरच्याच वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ ची. इंजिन म्हटलं की गाडी डोळ्यांसमोर यायची. खडकीत मात्र इंजिन बनणार होतं ते मुख्यतः पाणी उपसायला.

मोट विरुद्ध ५ हॉर्सपॉवर

त्या वेळी महाराष्ट्रात विहिरीचं पाणी मोटेने निघायचं. कातड्याची मोट, नाडा, बैलजोडी आणि त्यांना खाली-वर चालायला उताराची धाव. एका खेपेला शंभर-दीडशे लिटर पाणी थारोळ्यात पडायचं. बैल दमले की थांबायचं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी जितकं खाली, तितकी खेप लांब.

आता हिशेब करा. ५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. त्यातली निम्मी ताकद पंपात आणि पाइपात वाया गेली असं धरू. तरी १५ मीटर खोलीवरून सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी वर येतं. म्हणजे मोटेची एक खेप साधारण दहा-बारा सेकंदांत. तासाला ४० हजार लिटरच्या पुढे. आणि दमायचा प्रश्नच नाही.

म्हणून ५ हॉर्सपॉवर हा आकडा कमी नव्हता. साध्या विहिरीला आणि चार-पाच एकराच्या बागायतीला तो पुरेसा होता. त्याहून मोठं इंजिन म्हणजे जास्त किंमत, जास्त डिझेल आणि तासाभरात विहीर कोरडी.

इंजिन कशासाठी बनवतोय, यावर सगळं ठरतं

गाडीचं इंजिन आणि पंपाचं इंजिन, दोघांचं आयुष्य वेगळं असतं.

गाडी सिग्नलला थांबते, सुटते, घाट चढते, उतारावर मोकळी पळते. तिच्या इंजिनाला मिनिटाला हजारापासून पाच-सहा हजार फेऱ्यांपर्यंत कुठेही धावावं लागतं. पण पूर्ण ताकद क्वचितच आणि थोडा वेळच लागते. शिवाय ते हलकं हवं, कारण ते स्वतःच गाडीत बसून फिरतं.

पंपाचं इंजिन एका जागी बसतं. एकदा हँडल मारलं की सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच वेगाने, जवळजवळ पूर्ण भारावर चालतं. त्याला पिकअप नको, वेग नको. नको तिथे बंद पडू नये, एवढंच हवं. कारण उन्हाळ कांदा पोसायला लागला असताना दोन पाळ्या चुकल्या, तर इंजिन दुरुस्त होईल पण कांदा मोठा होत नाही.

झीज मोजायचं एक सोपं माप आहे. पिस्टन सिलिंडरमध्ये सरासरी किती वेगाने वर-खाली घासतो ते. मारुती ८०० चा पिस्टन पूर्ण ताकदीच्या वेळी सेकंदाला सुमारे १३ मीटरने पळतो. एव्ही-१ चा पिस्टन सेकंदाला साडेपाच मीटरने. ५५३ सीसीतून फक्त ५ हॉर्सपॉवर निघतात ते यामुळे. इंजिनाला मुद्दाम जपून पळवलेलं आहे. ते दिवसभर धावायला बसवलंय, शर्यतीला नाही.

पण मग आणखी सावकाश का नाही पळवायचं?

हाच त्या काळातला मोठा वाद होता.

सावकाश फिरणारं बरं की जलद फिरणारं?

भारतात डिझेल इंजिनं तेव्हा नवीन नव्हती. साताऱ्याच्या कूपर कंपनीनेही इंजिनं बनवली होती आणि इंग्लंडहून लिस्टर, रस्टन अशी नावं यायची. त्यातली बरीचशी मंदगती इंजिनं. लिस्टरचं सहा हॉर्सपॉवरचं प्रसिद्ध इंजिन घ्या. क्षमता १,४०० सीसीच्या वर, वजन तीनशे किलोच्या पुढे आणि मिनिटाला फक्त ६५० फेरे. दोन बाजूंना दोन मोठी चाकं. आवाजही असा की ठोका न् ठोका मोजता यावा.

शेतकऱ्याला असलं इंजिन आवडायचं. जड आहे म्हणजे मजबूत आहे, सावकाश फिरतं म्हणजे कमी झिजतं. हे म्हणणं अगदीच चूक नव्हतं. या इंजिनाच्या पिस्टनचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या आसपासच होता.

किर्लोस्करांनी ब्रिटनमधल्या ऑइल इंजिन बनवणाऱ्या कंपन्यांच्या गटाशी तांत्रिक करार केला आणि त्यातून जे छोटं, उभ्या सिलिंडरचं इंजिन निवडलं ते मिनिटाला १,५०० फेरे घेणारं. एव्ही-१ हे मूळचं पेटर घराण्यातलं डिझाइन. म्हणजे ते किर्लोस्करांनी शून्यातून शोधलेलं नाही. शंतनुरावांचं काम होतं भारतातल्या विहिरीसाठी योग्य ते निवडायचं, इथे बनवायचं आणि विकून दाखवायचं.

१,५०० फेऱ्यांमागे तीन कारणं सांगता येतात.

पहिलं, पंप. सेंट्रिफ्युगल पंप फेऱ्यांवर जगतो. त्याचा वेग निम्मा केला तर पाणी चढवायची उंची चौथाईवर येते. १,५०० फेऱ्यांचं इंजिन असेल तर इंजिन आणि पंप एकाच दांड्यावर थेट जोडता येतात. ६५० फेऱ्यांच्या इंजिनाला पुली आणि पट्टा लावून वेग वाढवावा लागतो. पट्टा म्हणजे घसरणं, तुटणं आणि वाया जाणारं डिझेल.

दुसरं, वजन. पंप पाणी खालून ओढतो तेव्हा खरं तर बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलत असतो. त्यामुळे कितीही भारी पंप आणला तरी प्रत्यक्षात सहा-सात मीटरच्या वर सक्शन चालत नाही. देवळा-कळवणकडच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी याहून खोल. मग पंप पाण्याजवळ न्यावा लागतो आणि थेट जोडलेला असेल तर इंजिनही. म्हणून अनेक ठिकाणी विहिरीच्या आत कट्टा करून इंजिन बसवायचे. दोराने खाली सोडायचं, पावसाळ्यात पाणी वाढलं की वर काढायचं. तीनशे किलोचं धूड घेऊन हे कसं करणार? हलकं इंजिन गडी माणसं लावून हलवता यायचं. विहिरीत धूर कोंडण्याचा धोका मात्र होता, आणि तो जीवावर बेतणारा होता.

तिसरं, वीज. चार पोलच्या जनरेटरला आपली ५० हर्ट्झची वीज बनवायला नेमके १,५०० फेरे लागतात. म्हणजे तेच इंजिन पंपावर चालेल आणि जनरेटरवरही.

बाकी रचनाही शेताला धरून. डिझेलला स्पार्क प्लग लागत नाही. सिलिंडरमधली हवा सुमारे सोळा पट दाबली की ती इतकी तापते की डिझेल आपोआप पेटतं. हँडलने सुरू होतं, म्हणून बॅटरी नको. हँडल मारताना दाब सोडायला एक छोटा लिव्हर, चाकाने वेग घेतला की तो पाडायचा. भार कमी-जास्त झाला तर वेग सांभाळायला गव्हर्नर. आणि रेडिएटरची गरजच नाही, कारण पंपाच्या पाण्यातलीच एक धार इंजिनातून फिरवून पाटात सोडता येते. पाणी आहे तोवर इंजिन थंड.

आग लागली तेव्हा

हे सगळं सुरळीत झालं असं समजू नका. खडकीचा कारखाना उभा राहत असतानाच जानेवारी १९४८ मध्ये गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर आणि उद्योगांवर हल्ले झाले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही जाळला गेला. ज्या जागेवर माळ फोडून वडिलांनी गाव वसवलं होतं, तिथे राख झाली. एका बाजूला नवीन कंपनीत अडकलेलं भांडवल, दुसऱ्या बाजूला जुना कारखाना जळालेला.

किर्लोस्कर तिथून निघून गेले नाहीत. कारखाना पुन्हा उभा केला आणि किर्लोस्करवाडीत पंप बनत राहिले. इंजिन खडकीचं, पंप वाडीचा, अशी जोडी पुढे गावोगाव दिसू लागली.

इंजिन विकताना नांगराचाच अनुभव पुन्हा आला. जलद फिरतं म्हणजे लवकर बाद होणार, हा समज होता. तो काढायचा तर नुसत्या जाहिरातीने भागत नाही. तालुक्याच्या गावी विक्रेता लागतो, रिंग, नोझल, बेअरिंग असे सुटे भाग हाताशी लागतात आणि इंजिन खोलून जोडणारा मिस्त्री लागतो. हे जाळं विणत गेल्यावर इंजिनावर भरवसा बसला. आणि एकदा बसला तो इतका, की कंपनीचं आडनाव हेच वस्तूचं नाव झालं.

मंदगती इंजिनं संपली नाहीत. राजकोटकडच्या छोट्या कारखान्यांनी ती स्वस्तात बनवून कित्येक दशकं विकली. किंमत कमी, गावात दुरुस्त होणारी. ज्याच्या विहिरीला पट्टा चालत होता, त्याच्यासाठी तीही बरोबरच होती.

काम बदललं की इंजिनही बदललं

शंतनुरावांनी एकाच इंजिनावर सगळा खेळ लावला नाही. जिथे पाणी जवळ नाही, तिथे हवेने थंड होणारी इंजिनं आली. धरणं, खाणी, रस्ते यांच्या कामाला शेकडो हॉर्सपॉवर लागायला लागली तेव्हा १९६२ मध्ये अमेरिकेच्या कमिन्स कंपनीबरोबर पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. तीच आजची कमिन्स इंडिया. ट्रॅक्टरसाठी १९७४ च्या सुमारास नाशिकलाच किर्लोस्कर ट्रॅक्टर्स निघाली, जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या तंत्रावर. पण ट्रॅक्टरच्या बाजारात किर्लोस्करांना पंपासारखा जम बसवता आला नाही. नाशिकच्या शेतात निळे-लाल ट्रॅक्टर दुसऱ्यांचे दिसतात, किर्लोस्कर हे नाव विहिरीवरच राहिलं.

१९६५ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. फिक्की या उद्योजकांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. किती माल बनवायचा हेही सरकारच्या परवान्यावर ठरायचं, त्या काळात ते या धोरणावर उघडपणे टीका करत राहिले. भारतात बनलेला माल परदेशात विकला गेला पाहिजे हा त्यांचा ध्यास होता आणि इंजिनांची निर्यात त्यांनी करून दाखवली.

घरात मात्र दुःख मोठं होतं. चंद्रकांत आणि श्रीकांत ही दोन्ही मुलं त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. उतारवयात त्यांना पुन्हा कारभारात लक्ष घालून नातवंडांच्या पिढीच्या हाती उद्योग द्यावा लागला. २४ एप्रिल १९९४ रोजी शंतनुराव गेले. २००३ मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

आणि आज?

आज देवळा तालुक्यात बहुतेक विहिरींवर विजेची मोटार आहे. वीज डिझेलपेक्षा स्वस्त पडते आणि पाण्यात बुडून चालणाऱ्या मोटारीला सक्शनची अडचणच येत नाही. डिझेल इंजिन निघतं ते लाइट नसते तेव्हा किंवा नदी-नाल्यावरून तात्पुरतं पाणी उचलायचं असतं तेव्हा.

या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. मोट थांबायची, कारण बैल थकायचे. इंजिन आणि त्यामागून आलेली मोटार थकत नाही, त्यामुळे पाणी पाझरून येतं त्यापेक्षा वेगाने उपसलं गेलं. विहिरी खोल गेल्या, मग बोअर आले, आणि उन्हाळ्यात दोन्ही कोरडे पडायला लागले. बागायत ज्या यंत्राने दिली, पाण्याचा हिशेब ठेवायची जबाबदारीही त्यानेच अंगावर टाकली.

इंजिनाचा नियम मात्र तेव्हाही तोच होता आणि आजही तोच आहे. शेतात पंप घेताना कुणी सर्वांत जास्त हॉर्सपॉवरचा दाखवला, तर आधी तीन गोष्टी विचारा. पाणी किती खोल आहे, विहिरीला तासाला किती येतं, आणि रोज किती तास चालवायचंय. किती हॉर्सपॉवर लागेल हे त्यावरच ठरतं. मारुतीचे ३५ गाडीत छान, विहिरीवर ५ पुरतात.